मोफत चेहरा

सोमवार, ३ नोव्हेंबर
‘विडी वळणाऱ्या माझ्या माय-बहिणींनो, तुमचं सगळं फुकट नेलं जातं. घाम, डोळे, पाठ.’ निपाणीच्या मोर्चातल्या भाषणाची ही सुरुवात बेळगावहून येताना बसमध्येच सुचली. विडी कामगार संघटनेनं मला इथं मोर्चाच्या प्रचाराला पाठवलंय. नागराज अण्णांनी त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात एक संगणक मोकळा करून दिला. भाषणवाला आला, आता पंखा लावायला नको, असं म्हणून सकाळपासून चिडवतायत. मी खूश आहे. हार, समई, झेंडे, गुलाल, सगळ्यांची चित्रं इंटरनेटवर कापून तयार मिळतात. दुकानाचा एक रिवाज कळला. जिवंत माणसं शुभेच्छुकांच्या रांगेत, मेलेली हारात. अण्णा यात कधी गल्लत होऊ देत नाहीत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
मोर्चाच्या फलकाला चेहरा हवा होता. मागच्याच गल्लीत बाया विड्या वळत बसतात, एखादीला विचारता आलं असतं. मी गेलो नाही. मोफत छायाचित्रांच्या एका संकेतस्थळावर हवी तशी बाई सापडली. मान खाली, मांडीवर सूप, हातात पान आणि कात्री. खाली लिहिलेलं, ‘मोफत. परवानगीची गरज नाही.’ मागची भिंत पुसली आणि आवाहन करणाऱ्यांच्या रांगेत तिला मधोमध बसवलं. बसस्थानकासमोर फलक लागलाय. लोक थांबून बघतात.

शनिवार, ८ नोव्हेंबर
बायडाबाई नावाची म्हातारी दुकानात आली. फलकावरची बाई म्हणजे तिची लेक, जयवंता. गेल्या साली वारली. कुणी फोटोवाला ‘कामगार कार्डासाठी’ म्हणून फोटो काढून घेऊन गेला होता. घरात मात्र तिचा एकही फोटो नाही. म्हातारी रडली नाही. म्हणाली, ‘पोरीनं मरस्तोवर पानं कातरली. मेल्यावर तरी तिला कामाला लावू नगासा. उतरवा, न्हायतर हार तरी घाला.’

अण्णा शिडी घ्यायला उठले. मी अडवलं. हारातली बाई मोर्चाला कशी बोलावणार? मी म्हातारीला वापराचा नियम समजावला, मग चळवळीचं महत्त्व. चांगला बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं. लई ग्वाड बोलतोस रं, एवढं म्हणून निघून गेली. कान अजून गरम आहेत.

सोमवार, १० नोव्हेंबर
अण्णांना मदत म्हणून लग्नाच्या फलकासाठी मंडपाचं छायाचित्र त्याच संकेतस्थळावरून घेतलं. पंगतीच्या मागे ती बसलेली, पान कातरत. शाळेचं घेतलं. फळ्याखाली ती. समुद्राचं घेतलं — वाळूत, सूप घेऊन. मान आता तितकी खाली नाही. अण्णांना दाखवलं. त्यांना नुसता समुद्र दिसला.

फलक उतरवायला हवा. पण का उतरवतोय ते लोकांना काय सांगू?

बुधवार, १२
आता सरळ माझ्याकडे बघते. माउसनं हार ओढून तिच्या गळ्यात टाकतो — सोडला की घसरतो. पुन्हा — पुन्हा. माफी मागितली. पडद्याची. बायडाबाईच्या दारात मागायची होती. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि वळलो. लाज वाटते, आजवर केलेल्या प्रत्येक भाषणाची —

बोटांना तंबाखूचा वास. नखं पिवळी. मी तर तंबाखूला हातही लावत नाही.

गुरुवार
ती संकेतस्थळावरून गेली. तिच्या जागी मी. मान खाली, मांडीवर सूप. ‘मोफत. परवानगीची गरज नाही.’ बसस्थानकासमोरही मीच —

अण्णा आत आले. माझ्या खुर्चीकडे बघून गिऱ्हाइकाला विचारलं, भाषणवाला कुठं गेला. मी हाक मारली —

पानं कातरणारे हात थांबत नाहीत. लिहायला एक कसाबसा सोडवलाय —

माय-बहिणींनो, तुमचं सगळं फुकट नेलं जातं. मीही नेलं. आता एकच करा. बसस्थानकासमोर जा. तो फलक उतरवा, न्हायतर माझ्या गळ्यात हार घा