शेपटीकडचे डोळे

प्रिय आईस,

तुझ्या पायांवर दुरूनच डोकं ठेवते. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. बाबा पथ्य पाळतात, की नुसतं हो हो म्हणतात?

हल्ली प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर प्राचीन समुद्रातला एक प्राणी आहे, करंगळीएवढा, दगडात रुतून दगडच झालेला. तो कुठल्या कुळातला, ते मला ठरवायचंय. त्यासाठी भोवतीचा दगड सुईने कणाकणाने खरवडते. जाड टोक डोकं आणि बारीक टोक शेपटी, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेपटी माझ्याकडे असायची. तू कुंड्यांशी बोलतेस तशी मी त्याच्याशी बोलायचे. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचंही त्यालाच सांगितलं, इथे दुसरं आहे कोण?

सोमवारी शेपटीवरचा थर निघाला आणि खाली दोन काळे ठिपके दिसले. सर भिंगातून बघून म्हणाले, "अगं, हे तर डोळे. आपण याला उलटंच समजत होतो." म्हणजे इतके महिने तो माझ्याकडेच बघत होता.

मी हसले, पण दगड फिरवून ते डोळे भिंतीकडे केले आणि जाड टोक साफ करायला घेतलं. आज तिथेही तसेच दोन ठिपके निघाले. सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग "असं कुठलंच कूळ नाही" एवढंच म्हणाले आणि लवकर घरी गेले.

तू काळजी करू नकोस, दगडच तो. ऑपरेशनची तारीख ठरली की मात्र मी घरी असताना फोन कर. त्या खोलीत मी आता काही बोलणार नाही.

तुझीच,
धाकटी