एका कंपनीचे दोन डबे आणि काजलचे चार दात

प्रति,
मा. कार्यकारी दंडाधिकारी,
तहसील कार्यालय, नंदुरबार

विषय : शांततेच्या बंधपत्रावर अंगठा देण्यापूर्वी, जप्त झालेले बाळखाद्याचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवून तपासले जाणेबाबत.
संदर्भ : धानोरा येथील किराणा दुकानदार कुंदनशेठ यांचे डोके फुटल्याबाबतची आपली नोटीस.

महोदय,

अर्जदार धनुबाई लोटन पाटील, वय बासष्ट, राहणार धानोरा, यांना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितले ते अर्जलेखक ईश्वर याने कागदावर उतरवले आहे. शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत. त्या लिहायच्या तर कागदाचा दस्ता पुरला नसता.

१. नोटिशीतला मजकूर खरा आहे. बाईंनी मूठभर तिखट शेठच्या डोळ्यांत फेकले, वरवंट्याने त्यांचे पुढचे दोन दात पाडले, डोक्यात डबा घातला आणि मालाची मांडणी त्यांच्या अंगावर ढकलली. रक्त साखरेच्या पोत्यापर्यंत उडाले. टाके तीन पडले. पाच जणांनी मागे ओढले नसते तर तेरा पडले असते, असे बाई म्हणतात.

२. बाईंची नात काजल अडीच वर्षांची आहे. तिची आई भल्या सकाळी मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जाते, पोर आजीपाशी. घरात दादर ज्वारीची पोती भरलेली, तरी शेठ म्हणाले की पेज काय पाजता, डब्यातले द्या, पोर गुटगुटीत होईल. बाईंनी दोन वर्षे ते स्वतःच्या हाताने भरवले. पोर दुसरे काही तोंडात घेईना, तेव्हा बाईंना वाटले की गुण आला! मग पुढचे चार दात काळे पडले, हिरडीत पू झाला आणि ते उपटावे लागले. पोरीने किंचाळून दवाखाना डोक्यावर घेतला. तिचे हात बाईंनीच धरून ठेवले होते.

३. दिवाळीला भाचा चंदन जर्मनीहून आला. तो तिथे हॉटेलात आचारी आहे. त्याच्या बॅगेत तीच कंपनी, तोच डबा, झाकणावर तेच हसरे बाळ. त्याने दोन्हींवरचे वाचून दाखवले. तिथल्या डब्यात वरून घातलेली साखर शून्य, इथल्यात शंभर ग्रॅमला चोवीस. बाई तीस वर्षे मिरची बाजारात माल निवडतात. ढिगाच्या वर एक माल आणि पोटात दुसरा निघाला, की बोलाचाली न करता ढीग उलथायचा, ही त्यांची रीत. किराणा दुकानात ती चालत नाही हे त्यांना ठाऊक नव्हते.

४. तरी त्या मारायला गेल्या नव्हत्या, दोन्ही डबे घेऊन विचारायला गेल्या होत्या. तिखट बाजारातून येताना पदराला बांधलेले होते, वरवंटा दुकानातच विकायला ठेवलेला होता. पण चंदनने डबा आणला कोणासाठी? कुंदनशेठने स्वतःच्या नातवासाठी असे सहा मागवले होते! बाईंनी विचारले, "तुन्हा नातूले तठलं, मन्ही नातले आठलं, काबर रे?" (तठलं म्हणजे तिथले, आठलं म्हणजे इथले.) शेठ हसून म्हणाले, "गावना पोरेसले आठलंच चालस." हसताना त्यांचे दात दिसले. पुढचे नोटिशीत आहे.

५. सबब विनंती की दोन्ही डबे प्रयोगशाळेत पाठवावेत आणि निकाल धानोऱ्याच्या चावडीवर लावावा. त्याच दिवशी बाई बंधपत्रावर अंगठा देतील. तोवर वर्षभर शांत राहण्याची हमी त्यांना देता येत नाही, कारण मांडणी पुन्हा उभी राहिली आहे आणि तेच डबे तिच्यावर रचले आहेत. खोटी हमी देणे बाईंना जमत नाही. यासाठी कोठडीत घालायचे असल्यास त्यांनी भाकरी बांधून ठेवली आहे.

कळावे. नमस्कारासह,

धनुबाई लोटन पाटील
(डाव्या हाताचा अंगठा)
धानोरा, दि. २५ नोव्हेंबर २०२४

सोबत : काडेपेटीत काजलचे दात, नग चार. दुधाचा दात पडला की शेणात गुंडाळून छपरावर फेकायची आमच्याकडे रीत आहे. हे पडलेले नाहीत, म्हणून फेकले नाहीत. तपासून झाल्यावर परत मिळावेत.