तोंडाने लावलेलं सलाईन

नवीन पनवेल,
गुरुवार

प्रिय यमुनामावशी,

शनिवारी मला सराव-खोलीचा ताबा द्यायचा आहे. मी निवृत्त होते आहे. माझ्या जागी आलेल्या शर्वरी मॅडमनी चावीबरोबर लेखी सूचनाही मागितल्या आहेत: नर्सिंगच्या मुलींचा सराव कसा घ्यायचा, साहित्य काय लागतं, ते कुठून आणायचं, कसं जपायचं. चार दिवस मी कोरे कागद घेऊन बसते आहे. कोणतंही वाक्य लिहायला घेतलं की ते तुमचं निघतं. आणि तुम्ही तर एक ओळ लिहून ठेवली नाहीत! म्हणून आधी तुम्हाला लिहिते, मग त्यांना.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. स्मशानात मी आले नव्हते. परीक्षा चालू होत्या असं मी सगळ्यांना सांगितलं. परीक्षा दुपारी संपली होती.

मी ट्यूटर, तुम्ही प्रसूतीच्या वॉर्डातल्या आया. सगळं हॉस्पिटल तुम्हाला मावशी म्हणायचं आणि तुमच्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली मीही तेच म्हणत आले. पण सराव-खोलीत तुम्हाला मी बोलावलं नव्हतं. आठवतं? आमच्याकडे तेव्हा रबरी बाहुली होती, फक्त कमरेपर्यंतची. बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला तर काय करायचं, हे मी तिच्यावर शिकवत होते. मुली खुसखुसत होत्या. तुम्ही फरशी पुसता पुसता थांबलात आणि म्हणालात, "म्याडम, ही बाई कवाच मेलीय. हिला काय वाचवताव? मना झोपवा."

"मावशी, तुम्हाला कामं नाहीत का?"

"हायत. ह्ये पन त्यातलाच."

आणि हात पुसून सरळ खाटेवर जाऊन झोपलात. परवानगी म्हणून काही असतं, हे तुमच्या गावीही नव्हतं!

दुसऱ्या दिवशी घरून शेकायची रबरी पिशवी घेऊन आलात. तिला सलाईनची जुनी नळी जोडली, पिशवी लुगड्याखाली पोटावर बांधली. रक्तासाठी मी साधं लाल पाणी करून दिलं, तर तुम्ही नाक मुरडलंत. "रगत असा पानचट असतं का? शेकड्यानं बाळंतपनं पाहिली मी." मग जिलबीवाल्याकडचा लाल रंग आणि तांदळाची पातळ पेज. ते प्रमाण मी आज शर्वरी मॅडमसाठी लिहिलं. रंग आधी चादरीच्या कोपऱ्यावर लावून, धुऊन बघावा, हेही लिहिलं. पहिल्या खेपेला धोब्याने आपल्या दोघींना काय काय ऐकवलं होतं!

अर्धा लिटर रक्त म्हणजे किती, हे पुस्तकात वाचून कळत नाही. तुम्ही मापाने अर्धा लिटर ओतून घ्यायचात, जुन्या सुती साडीवर, आणि मुलींना म्हणायचात, "बघून ठेवा. आता डोळे मिटा. आता परत बघा." तुमचं माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. नजरेने माप घ्यायची सवय तिथली असेल, मी विचारलं नाही कधी. माझी पदवी मुंबईच्या कॉलेजची. तिथे आम्हाला हे कोणी दाखवलं नव्हतं.

सासूचं काम तुम्ही कधी सुरू केलंत ते नक्की आठवत नाही. पेशंट दुसऱ्या मुलीला करायचं आणि तुम्ही दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. मुलगी औषधाचा डोस मोजतेय आणि तुमचं सुरू: "आगो, नातू झाला का नात, त्ये सांग आदी! इतकी शिकलीस आन तोंड नाय तुला? कलंबोलीच्या दवाखान्यात नेली असती तर आतापरेंत घरी असतो आमी!" मुली रडकुंडीला यायच्या. मी एकदा म्हटलं, मावशी, जरा कमी करा. तुम्ही म्हणालात, "वॉर्डात खरी सासू कमी करनार हाय का?" लिहिलं तेही: सरावात एक नातेवाईक असावा, तो गप्प नसावा.

आणि तुमच्या पहिल्या किंकाळीने खालचा वॉचमन जिना चढून धावत आला होता. म्हणून लिहिलं की, सरावाआधी आजूबाजूच्या वॉर्डात कळवून ठेवावं.

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत, पण त्याच कामाच्या. औषधाच्या कपाटाची चावी सिस्टरच्या कमरेला असते आणि सिस्टर जेवायला गेलेली असते, हे आपल्याला सरावातच कळलं, कारण तुम्ही खोटं कपाट मांडू दिलं नाहीत. "खऱ्या कपाटापरेंत पलू दे त्यांना." मग चावी खिळ्यावर आली. डॉक्टरांना फोन करायचा तर खरा फोन उचलायचा, आपण कोण, कुठून, पेशंटला काय झालंय हे तीन वाक्यांत सांगायचं. सरावाच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरात 'सरावासाठी' लिहायचं आणि खोली बंद करताना त्या मोजायच्या, म्हणजे साध्या पाण्याची बाटली चुकून वॉर्डात जाणार नाही. ही एक सूचना तेवढी माझी. तुम्ही मानलीत, एवढं खरं.

सराव संपला की मी लगेच चुका वाचायला घ्यायचे. तुम्ही खाटेवर उठून बसायचात आणि म्हणायचात, "आदी पेशंटला इचारा." विचारलं की तुम्ही सांगायचात, "धा मिंटं झाली, पाच जनी धावल्या. माजा हात कोनी धरला नाय." माझ्या तपासणीच्या कागदावर तो मुद्दाच नव्हता. नंतर मी हाताने लिहून वाढवला.

आता जे लिहायचं टाळते आहे ते लिहिते.

तुम्ही पेशंट असताना सलाईनची सुई अर्थातच टोचत नव्हतो. नळी तुमच्या दंडाला चिकटवायची आणि तिचं टोक खाटेखालच्या बादलीत सोडायचं. नळीवरचं छोटं चाक मुलीने खरंच उघडलं, तर बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायचा. आवाज आला नाही तर तुम्ही बऱ्या व्हायचा नाहीत! मुलगी म्हणायची, "सलाईन सुरू केलं." तुम्ही डोळे मिटून: "कुठं सुरू केलास? बादली तर गप हाय."

परीक्षा जवळ आली. वर्गात तीस मुली, नळ्या संपत आलेल्या, गादी रोज ओली. परीक्षक तर पायऱ्या क्रमाने बोलून दाखवायला सांगतात आणि त्यावरच गुण देतात. मी नियम केला: चाक उघडायचं नाही, बाटली जोडायची, 'सलाईन सुरू' म्हणायचं आणि पुढे जायचं. एका दिवसात सगळ्या मुली उरकायला लागल्या. मला बरं वाटलं.

तुम्ही मात्र खाटेवरून म्हणालात, "म्याडम, तोंडानं लावलेला सलाईन आंगात जात नाय."

"मावशी, पेशंट बोलत नसतो."

"बोलत नाय, म्हनूनच मी बोलते."

मुली हसल्या. मला ते हसणं सहन झालं नाही. सगळ्यांदेखत तुम्हाला म्हटलं, उद्यापासून येऊ नका, बाहुलीवर घेईन मी. तुम्ही पिशवी सोडली, नळी गुंडाळून टेबलावर ठेवली आणि गेलात. त्यापेक्षा भांडला असतात तर!

पुढचे पंधरा दिवस बाहुली. बाहुलीखाली बादली नव्हती.

त्यानंतर महिनाभरात शबाना वॉर्डात होती. पनवेलच्या बाजारात ज्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांची धाकटी. वर्गातली सगळ्यात चोख मुलगी. सकाळची वेळ, नुकतीच बाळंत झालेली बाई, आणि रक्त थांबेना. शबानाने सुई लावली, बाटली जोडली, मोठ्याने स्पष्ट सांगितलं, "सलाईन सुरू." आणि पुढच्या पायरीला गेली. सिस्टरने ऐकलं, विश्वास ठेवला आणि डॉक्टरांच्या मदतीला वळली. बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी मान वर केली, तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली. चाक बंद होतं.

बाई वाचली. मुंबईला हलवावं लागलं, बरेच दिवस ती तिकडेच होती आणि बाळ आजीने पावडरच्या दुधावर सांभाळलं. त्या मिनिटांनी नेमकं किती नुकसान केलं हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. पण ती मिनिटं गेली. चोख मुलीने मी शिकवलं तसंच केलं, मावशी. कच्ची मुलगी असती तर गोंधळून चाक उघडलं असतं.

चौकशी झाली. खोलीत मी होते, तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं होतं. कोणीतरी म्हणालं, ती आया सरावात पेशंटचं नाटक करायची ना? मुलींना सगळं खोटंखोटं करायची सवय त्यातूनच लागली असणार. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच सांगायचं होतं की नियम माझा आहे आणि मावशींनी त्याला हरकत घेतली होती. दोन वाक्यं! मी पाण्याचा पेला उचलला.

अहवालात आलं: 'अप्रशिक्षित व्यक्तीस सरावात सामील केल्यामुळे.' तुमची बदली कपडे धुण्याच्या विभागात झाली. बावीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढलेल्या बाईने चादरी मोजायच्या!

शबानाने मला जिन्यात गाठलं होतं. "मॅडम, मावशींची काही गलती नाही. त्या तर नको म्हणत होत्या. तुम्ही बोला ना." मी तिला म्हटलं, तू तुझ्या लेखी परीक्षेकडे लक्ष दे. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेली, त्या नजरेने नंतर कुठल्याही विद्यार्थिनीने पाहिलं नाही, कारण तेवढं धाडस मी कोणाला होऊ दिलं नाही.

नियम मी त्याच आठवड्यात बदलला. बादली परत आणली. कोणाला कारण सांगितलं नाही.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा विचुंब्याला तुमच्या लेकीच्या घरी मी आले होते. रंजनाने चहा केला. मी मोसंबी आणली होती आणि अर्धा तास नव्या इमारतींवर, पाण्याच्या टँकरवर बोलले. तुम्ही मध्येच विचारलंत, "पोरी आता चाक उघडतात ना?"

मी हो म्हटलं.

"मंग झाला," म्हणालात आणि भिंतीकडे वळलात. कपडे विभागाचं नाव काढलं नाहीत. तुम्ही का काढावं? ते काढायचं काम माझं होतं. मी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि रिक्षाने घरी आले. मावशी, तुम्हीसुद्धा एकदा विचारायला हवं होतं. एकदा तरी! मी खोटं बोलू शकले नसते, असं मला वाटतं. खात्री नाही.

आता हॉस्पिटलने नवी बाहुली घेतली आहे. श्वास घेते, तिची नाडी लागते, संगणकावरून तिचा रक्तदाब उतरवता येतो. चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. शर्वरी मॅडम हुशार आहेत, माझ्यापेक्षा जास्त ऐकून घेतात. परवा म्हणाल्या, "मॅडम, वेळ वाचवायला काही पायऱ्या मुलींकडून नुसत्या बोलून घेतल्या तर चालेल का?"

अगदी माझाच प्रश्न. मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, लिहून देते.

चार पानं सूचनांची झाली आहेत. पाचवं पान शबानाच्या दिवसाचं आहे. नियम कोणाचा, हरकत कोणाची, चौकशीत कोण गप्प बसलं, सगळं नावानिशी. अहवाल आता बदलणार नाही, असं कार्यालयाने मला तोंडी सांगितलं आहे. न बदलू दे. पान तुमच्या फायलीत लागलं पाहिजे, एवढं मी बघणार आहे. निवृत्तीच्या तोंडावर हे धैर्य स्वस्त आहे, हे मला कळतं. तुम्ही असता तर तसं म्हणालाही असता.

शब्द देते: शनिवारी ते पान मुलींसमोर मी स्वतः उभी राहून वाचेन, त्याशिवाय चावी हातातून सोडणार नाही. मग विचुंब्याला जाईन. आणि या वेळी टँकरवर बोलणार नाही.

तुमची अपराधी,
सुनंदा मॅडम

ताबा दिल्याची नोंद, शनिवार

१. सराव-खोलीची चावी एक, कपाटाच्या चाव्या दोन. शर्वरी मॅडमना दिल्या.

२. जुनी रबरी बाहुली, अर्धी. नवी बाहुली, संगणकासह. शेकायची रबरी पिशवी, नळी जोडलेली. सुती साड्या सहा, माप एक, बादली एक. 'सरावासाठी' लिहिलेल्या बाटल्या चौदा, मोजून. सर्व मिळाल्याची सही आहे.

३. सूचना, पानं चार. मिळाल्याची सही आहे.

४. पान पाचवं. तीस मुलींसमोर वाचलं. एक प्रत शर्वरी मॅडमकडे. एक प्रत कार्यालयात यमुनामावशींच्या फायलीसाठी दिली. घ्यायला टाळाटाळ झाली. पोच घेऊनच उठले.

५. त्याच पानाची तिसरी प्रत विचुंब्याला रंजनाच्या हातात दिली. तिने उभ्यानेच दोनदा वाचली. म्हणाली, "आय व्हती तवा का नाय आनलात?" तिने बसायला सांगितलं नाही. प्रत मिळाल्याची सही केली.