परवाना बघितल्याशिवाय वीट रचू नका

१२ जानेवारी, गुरुवार. सकाळी ८.
आजपासून केंद्र सुरू. फाटकाजवळ पेरूखाली टेबल, दोन खुर्च्या, एक जाड रजिस्टर. पाटी स्वतः रंगवली : 'परवानाधारक कंत्राटदार मार्गदर्शन केंद्र. सल्ला मोफत. झॅब्लन ओवुओर, निवृत्त उपमुख्याध्यापक.' 'परवानाधारक' एका ओळीत मावलं नाही, 'धारक' खाली गेलं. लांबून वाचायला तेच बरं.

गरज उघड आहे. किसुमूत ज्याच्या हातात थापी तो फुंडी, म्हणजे मिस्त्री. लोक मेहुण्याच्या ओळखीने मिस्त्री आणतात, भिंतीला पोट सुटतं, मग माझ्याकडे येऊन रडतात. म्हणजे, रडतील. केंद्र आजच सुरू झालंय.

संकल्प : रोज आठ ते पाच बसणे. महिनाअखेर गावातल्या सगळ्या परवानाधारकांची यादी. प्रत्येकाचा नंबर सरकारी वेबसाइटवर टाकून तपासणे. यात तडजोड नाही.

फाटकाच्या दुसऱ्या बाजूला रोझबेलाची चहा-मंदाझीची टपरी. ती म्हणाली, आवितीचे बाबा, टेबल जरा डावीकडे घ्या, माझी गिऱ्हाइकं अडखळतात. घेतलं. बायकोला सहकार्य करावं.

१६ जानेवारी.
चौकशीला आजवर सातजण. सातहीजणांनी एकच विचारलं : ओडोंगो फुंडीचं घर कुठलं?

ओडोंगो आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहतो. पहाटेपासून ठोकाठोक. या महिन्यात दोनदा सांगितलं, हातोडी बंद कर, मी अभ्यास करतोय. तो 'हो गुरुजी' म्हणतो आणि करवत घेतो.

सातजणांना निळ्या पत्र्याचं घर दाखवलं, पण आधी प्रत्येकाला परवान्याचं महत्त्व समजावलं. एक बाई शेवटपर्यंत ऐकत उभी होती. नंतर कळलं, मंदाझीचा घाणा निघायची वाट बघत होती. तरी कानावर पडलंच ना.
रजिस्टरमध्ये लिहिलं : लाभार्थी ७.

२३ जानेवारी.
आवितीचा नैरोबीहून फोन. बाबा, नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, सुरू केलंत का? सांगितलं, यादी आधी, तपासणी नंतर, कामाला क्रम असतो. ती म्हणाली, यादीत किती झाले? म्हटलं, लाइन खराब आहे.

फोनवर वेबसाइट उघडायला घेतली. डेटा संपला. उद्या टाकायचा.

२ फेब्रुवारी. दुपारी.
पहिली खरी केस.
नेरेआ अकोथ. माझीच विद्यार्थिनी, भूगोलाला शेवटच्या बाकावर बसायची. आता बाजारात ओमेना, बारीक सुकी मासळी, विकते. नवरा गेला दोन वर्षांपूर्वी. डिसेंबरच्या वादळात घराचे पत्रे उडाले, मातीची भिंत भिजून बसली. दोन मुलींना घेऊन बहिणीच्या एका खोलीत राहते, बहिणीची स्वतःची चार. मार्चअखेर पाऊस लागायच्या आत दोन खोल्या उभ्या राहायला हव्यात.

म्हणाली, "गुरुजी, सगळे ओडोंगोकडे जा म्हणतात. पण तुमची पाटी वाचली. मला बांधकामातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तो माणूस."

छाती भरून आली. म्हटलं, पोरी, परवाना बघितल्याशिवाय इथे वीट रचली जाणार नाही.

रोझबेला कप विसळत म्हणाली, ओडोंगोला निदान विचारा तरी. मी म्हटलं, गंजीफ्रॉकवर काम करणाऱ्याकडे परवाना कुठून असणार?

६ फेब्रुवारी.
माणूस मिळाला. इंजिनियर फेस्टस वान्यान्डे. टाय, पॉलिश केलेले बूट, पिकअप. परवाना काचेच्या चौकटीत. सोनेरी किनार, लाल शिक्का. चष्मा आत राहिला होता, पण शिक्का उठावदार होता, बोट फिरवून खात्री केली.

नंबर वेबसाइटवर टाकणारच होतो. डेटा टाकायचा राहिला होता. शिवाय त्याच्या समोर तपासणं बरं दिसलं नसतं. तो म्हणाला, तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून या धंद्यात शिस्त आहे. खोटा माणूस असं बोलेल?

परवान्याची तशीच चौकटीतली एक प्रत त्याने केंद्राला भेट दिली. पेरूच्या खोडाला टांगली. केंद्राला शोभा आली.
रजिस्टर, नोंद क्र. १.

१४ फेब्रुवारी.
नेरेआच्या जागेवर पाया खणला. फेस्टसची माणसं चपळ. सकाळी सुरू, दुपारी पाया तयार.

परतताना ओडोंगो सायकल हातात धरून रस्त्यावर उभा. म्हणाला, "गुरुजी, ती सगळी काळी माती आहे. फूटभर पायावर भिंत राहायची नाही. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, चार फूट तरी."

मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवला. काळ्या मातीवर माझं स्वतंत्र टिपण आहे. रस्त्यातच त्याला तिचे गुणधर्म सांगितले : ओलावा धरते, उन्हात आकसते, पावसात फुगते. कपाशीला उत्तम. तो म्हणाला, "तेच म्हणतोय मी."

अर्धवट ज्ञानाचा माणूस. पण नम्र आहे.

२० फेब्रुवारी.
भिंती खांद्यापर्यंत. सहा दिवसांत. रोझबेलाला सांगितलं. ती म्हणाली, जे भरभर चढतं ते भरभर उतरतंही. हिला वेग सहन होत नाही.

उद्या नक्की नंबर तपासायचा. केवळ औपचारिकता म्हणून.

२८ फेब्रुवारी.
नंबर : फोन आवितीने पाठवलेल्या फोटोंनी भरलाय. जागा करायची आहे. उद्या.

९ मार्च.
मागच्या भिंतीला एक रेघ. नेरेआ बोट लावून दाखवत होती. बोट आत गेलं, नखापर्यंत.

तिला समजावलं, नवी भिंत श्वास घेते. फेस्टसनेही फोनवर तेच सांगितलं, म्हणजे दोन तज्ज्ञांचं एकमत. नेरेआने मान हलवली. वर्गातही ती अशीच मान हलवायची आणि पेपरात भोपळा काढायची. तेव्हा मला वाटायचं, हिला समजलं. आज मात्र खरंच समजलं असावं.

ओडोंगो कुंपणावरून म्हणाला, पोरींना त्या भिंतीपाशी खेळू देऊ नका. मी म्हटलं, तुझी हातोडी थांबव आधी.

१९ मार्च, रविवार.
दुपारी तासभर पाऊस. तो थांबल्यावर अर्ध्या तासाने नेरेआची मागची भिंत पडली.
कुणाला लागलं नाही. धाकटी दहा मिनिटांपूर्वी तिथे विटांवर बसली होती. आईने पुढच्या बाजूला ताट वाढलं म्हणून उठली.

फेस्टसचा फोन बंद. पाऊस अवेळी आला. मार्चअखेरचा सांगितला होता.

आज जास्त लिहीत नाही.

२१ मार्च.
फेस्टसचा फोन बंद. पत्त्यावर गेलो, तिथे केस कापायचं दुकान. न्हावी म्हणाला, टायवाला? तो जानेवारीतच जागा सोडून गेला.

संध्याकाळी ओडोंगो फाटकापाशी आला. खोडावरची चौकट काढली, काच शर्टाला पुसली आणि वाचायला लागला. ओठ हलवत, सावकाश, खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. मग म्हणाला, "गुरुजी, यात इमारत हा शब्दच नाही. परवाना बोअर खणण्याचा आहे. आणि संपून तीन वर्षं झाली."

मी चिडून विचारलं, तुला काय कळतं परवान्यातलं?

"माझ्याकडे आहे म्हणून कळतं."

घरी गेला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आला. छोट्या घरांचा परवाना. नऊ वर्षांचा, दर वर्षी नवा केलेला, या वर्षीचाही. या वेळी चष्मा घालून वाचला. दोनदा. मग रोझबेलाच्या फोनवर नंबर टाकला. दोन मिनिटंही लागली नाहीत. नाव आलं : ओडोंगो जेकोनिया, पत्ता मांबोलेओ, आमचीच वस्ती.

म्हटलं, अरे, सांगितलं का नाहीस?

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही फक्त आवाज बंद कर म्हणालात."

रोझबेलाने ओडोंगोला चहा दिला. मग मलाही.

२५ मार्च.
नेरेआला भेटायला गेलो. चार दिवस जायचं होतं. मध्ये गुडघा दुखत होता. (गुडघा दुखत नव्हता.)

ती बहिणीच्या ओट्यावर ओमेना निवडत होती. मला बसायला स्टूल दिलं. मी काळ्या मातीपासून सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "गुरुजी, तो कागद तुम्ही वाचला नव्हता?"

चष्म्याचं सांगणार होतो. म्हटलं, नाही.

ती निवडता निवडता म्हणाली, "मला वाचता येतं. तुमच्या टेबलाशी चौकट हातात घेतली होती मी. पण तुम्ही वाचला असेल म्हणून परत ठेवली."

तिच्या पोरी मधेच आल्या, म्वालिमू, गुरुजी, म्हणून हात मिळवून गेल्या. विटांवरून उठलेली ती धाकटीही.

घरी पायी आलो.

२७ मार्च.
ओडोंगोकडे गेलो. त्याच्या हाती तीन कामं. म्हटलं, नेरेआचं आधी घे. तो म्हणाला, "कालच धरलंय. चर्चच्या मंडळींनी सिमेंटचं बघितलंय, पडलेल्या विटा साफ करून वापरतो. पाया नव्याने खणायचाय. सगळे येतायत."

बोलणी झाल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. कामात असतील.

रजिस्टर उघडलं. नोंद क्र. १ खोडली. नोंद क्र. २ : ओडोंगो जेकोनिया, मागचं कुंपण. शेजारी 'केंद्राची शिफारस' असं लिहिलं. मग तेही खोडलं.

३ एप्रिल.
चौकशीला पाचजण. पाचहीजणांना ओडोंगो हवा. परवान्याचं सांगायला तोंड उघडलं, पहिलाच म्हणाला, त्याच्याकडे परवाना आहे ना, माहीत आहे आम्हाला, त्यानेच पहिल्या कामाला दाखवला होता. चौघांनी माना हलवल्या. सगळ्यांना माहीत होतं.

टेबलावर आता रोझबेलाचे थर्मास असतात. पाच लिटरचा चांगला बसतो.

८ एप्रिल, शनिवार. संध्याकाळ.
नेरेआच्या घरावर आज पत्रे. सकाळी गेलो, म्हटलं देखरेखीला कुणीतरी हवं. पाया चार फूट, मुरुमापर्यंत, मी स्वतः काठी घालून मोजला होता. सळ्यांबद्दल ओडोंगोला एक सूचना करणार होतो. तो पत्रा खांद्यावर घेऊन म्हणाला, "गुरुजी, शिडी धराल? जमीन मऊ आहे."

धरली. सव्वातीन तास. वरून खिळे पडले ते वेचून दिले. मधे एकदा मान वर करून छपराच्या उताराबद्दल बोलायला गेलो, ओडोंगो म्हणाला, हात सोडू नका.

नेरेआने चहा आणला. आधी ओडोंगोला, मग मदतीला आलेल्या बायांना, मग मला. धाकटी नव्या भिंतीला पाठ टेकून बसली होती. कुणी तिला उठवलं नाही.

शेवटचा खिळा ठोकून ओडोंगो खाली उतरला, हात झटकले. म्हणाला, शिडी हलली नाही.

सोमवारी सात वाजता परत बोलावलंय. दुसऱ्या घरी. शिडी धरायलाच.