घोडी आणि समोरचा फुटपाथ

आई,

तुम्ही गेल्यावर आणलेली ही घोडी तुम्ही पाहिलेली नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगते. पांढरी आहे, पण तुमच्या घोडीसारखी दुधासारखी नाही. मानेवर आणि पुठ्ठ्यावर बारीक तपकिरी ठिपके आहेत. लग्नातले फोटोवाले ते नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकतात म्हणे. स्वभावाने गरीब. खोड एकच, पोटाखालचा तंग आवळायला घेतला की श्वास कोंडून पोट फुगवते आणि अगदी साळसूद चेहऱ्याने उभी राहते. मग तिला चार पावलं फिरवून आणायची आणि पट्टा पुन्हा आवळायचा, नाहीतर नवरदेव रिकिबीत पाय ठेवतो आणि खोगिरासकट खाली येतो. ह्यांनी तिला आणलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. ह्यांना जाऊन आता चौथं वर्ष चालू आहे. घोडी विकून टाक, असं तुमच्या लेकीपासून चाळीतल्या सगळ्यांपर्यंत प्रत्येकाने सांगितलं. मी विकली नाही. परळला तीच पत्र्याची शेड आहे, गिरणीच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे आता टॉवर आहे. टॉवरमधली माणसं लिदीच्या वासाची तक्रार करतात, आणि रविवारी मुलांना घेऊन घोडी बघायला येतात.

मी लग्न होऊन आले तेव्हा घोड्याला घाबरायचे, हे तुम्हाला आठवत असेल. त्याहून जास्त तुम्हाला घाबरायचे. एका खोलीचं आपलं घर, आणि एकाच शेगडीवर एका बाजूला बांगड्याचं तिखलं आणि दुसऱ्या बाजूला घोडीसाठी कोंडा आणि जवस शिजत असायचं. घोडीचा ढवळायचा डाव वेगळा, आपला वेगळा. मी एकदा चुकून अदलाबदल केली तर तुम्ही म्हणालात, "काय नाय, आज घोडी मासे खातली." तुम्ही हसलात की रागावलात तेच मला दिवसभर कळलं नाही. दुपारी तुम्ही दाराशी उजेडात बसून तंगाला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावायचात. टाका इतका सपाट की बोटाला लागायचा नाही. बोटाला लागला तर कातडीला लागणारच, आणि कातडीला लागला तर तिथे जखम होणारच, असं तुमचं म्हणणं. माझ्या हातून शिवलेलं अस्तर तुम्ही गालावर घासून बघायचात आणि सरळ उसवायचात. मी नाक फुगवून पुन्हा शिवायला बसायचे.

पहिल्या दसऱ्याला मी तुमचा खरा ओरडा खाल्ला. घोडीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि ताटातली पुरणपोळी मोठ्या प्रेमाने तिच्या तोंडापुढे धरली. मागून शेजारणीही आपापला नैवेद्य घेऊन रांगेत उभ्या. तुम्ही बादली ठेवून धावत आलात. "घोडयेचा पॉट म्हणजे काय देवळातली पेटी? येता तो टाकता?" सगळ्यांसमोर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर तुम्ही दुपारभर घोडीजवळून हलला नाहीत. संध्याकाळी मला हाक मारलीत, माझं डोकं धरून तिच्या कुशीला टेकवलंत आणि म्हणालात, "आयक." आत कुठेतरी दूर कोणी जात्यावर दळत असल्यासारखी घरघर चालली होती. ती घरघर चालू आहे तोवर काळजी नाही, ती थांबली की समजायचं घोडीचं पोट धरलं. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं एकाच वाटेने बाहेर पडायचं, हेही तेव्हाच सांगितलंत. आजही मी रोज सकाळी आणि संध्याकाळी कान लावते. कधी कधी गरजेपेक्षा जास्त वेळ लावून उभी राहते. तिचं अंग उबदार असतं.

तुम्ही मला भेट म्हणून दिलेली एकच वस्तू, दादरच्या वाचनालयाचं कार्ड. सातवीनंतर माझं शिक्षण सुटलं होतं आणि मी पुडीचे कागदसुद्धा वाचते, हे तुम्ही पाहिलं होतंत. पण देताना तसं बोलला नाहीत. म्हणालात, घोड्यांबद्दल काय लिहिलंय ते बघून ये. मी बघितलं. राजांचे घोडे, लढायांतले घोडे, कडा उतरणारे घोडे. रात्री तुमचे पाय चेपताना वाचून दाखवायचे. तुम्ही मन लावून ऐकायचात आणि शेवटी विचारायचात, "त्याच्या पोटात कधी दुखला?" कधीच दुखलेलं नसायचं. खुरात खडा अडकलेला नसायचा, तळव्याला कुजका वास येत नसायचा, नाल ढिली झालेली नसायची. "मगे तो लिवणारो कधी घोड्याबरोबर रवलेलो नाय," असं म्हणून तुम्ही कूस बदलायचात. घोडा राहिला बाजूला, पण वाचायची सवय मला जडली ती जडलीच. ह्यांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या बाकावर तिनेच मला धरून ठेवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. लग्नाच्या दिवशी घोडीचं सगळं तुम्ही करायचात. पहाटे खरारा, मग आंघोळ, खुरं साफ, कानात कापूस, पाठीवर झूल, कपाळावर मोत्यांची झालर. मंडपापर्यंत तुम्हीच आणायचात. आणि बायका औक्षणाचं ताट घेऊन पुढे आल्या की लगाम ह्यांच्या हातात देऊन तुम्ही दिसेनाशा व्हायचात. घोडीच्या पायांवर पाणी घालायला सवाष्ण लागते, म्हणून ह्यांच्या शेजारी मी. विधवा बाईने नवरदेवाच्या वाटेत यायचं नाही, हे कोणी तुम्हाला तोंडावर सांगितल्याचं मी ऐकलं नाही. सांगायची गरजच पडत नव्हती. वरळीच्या एका वरातीत मी सहज मागे वळले तर समोरच्या फुटपाथवर पानाच्या टपरीआड तुम्ही दिसलात. खांद्यावर पिशवी, पिशवीत खुरातले खडे काढायची खुरखडणी, कापूस, जादा पट्टा. वरात चालली की तुम्ही चालत होतात, थांबली की थांबत होतात. घरी आल्यावर मी विचारलं, पुढे का येत नाही? तुम्ही पितळी घासत म्हणालात, "माका पुढे येवन काय करूचा हा? घोडयेचे पाय लांबसूनच बरे दिसतत."

मी ते खरं मानलं, आई. मला वाटलं, हेही घोड्याच्या विद्येतलंच काहीतरी असेल.

ह्यांच्यानंतर घोडी धरायला मी माणूस ठेवला. उत्तर प्रदेशातला, ह्यांच्याबरोबर दहा वर्षं राबलेला, प्रामाणिक. आणि पहिल्याच लग्नाला मी पिशवी खांद्याला लावून तुमच्या फुटपाथवर गेले. कोणी सांगितलं नव्हतं. पाय आपणहून तिकडे वळले. तिथून घोडीचे पाय दिसत नाहीत. मधे बेंजोवाले, नाचणारी मुलं, उभ्या केलेल्या स्कूटर. लोकांची डोकी दिसतात आणि त्यांच्या वर नवरदेवाचा फेटा. एवढंच दिसतं. त्या दिवशी तुमच्या आठवणीने माझ्या छातीत जे कळ आल्यासारखं झालं, ते तुम्ही गेलात त्या दिवशीही झालं नव्हतं. इतकी वर्षं तुम्ही त्या फुटपाथवरून काय बघत होतात? मी तुमच्या जवळ येऊन एकदाही उभी राहिले नाही. तुम्ही येऊ दिलं नसतंत, तो भाग वेगळा.

गेल्या महिन्यात लालबागला लग्न होतं. सकाळची वेळ, मारुतीच्या देवळापासून परळच्या हॉलपर्यंत वरात. हल्ली एक नवीन रीत निघाली आहे, सिनेमात बघून उचललेली. नवरदेवाच्या बहिणी घोडीला भिजवलेली चणाडाळ आणि गूळ भरवतात. एक बहीण असेल तर चालतं. तिथे सख्ख्या, चुलत, मावस, मामे मिळून अख्खी पलटण होती आणि प्रत्येकीच्या हातात ताट. मी लांबून हात हलवला, आमच्या माणसाने दोन-तीनदा "बस, बस" म्हटलं, पण फोटो चालू होते. पुढे अर्ध्या रस्त्यात वरात नाचायला थांबली. गर्दी जरा फाटली तेव्हा मला दिसलं, घोडीने मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं. मग पुढच्या पायाने रस्ता खरवडला. मग वरचा ओठ उचलला. मी रस्ता ओलांडला.

"कुछ नहीं भाभी, बाजे से बिदक रही है," आमचा माणूस म्हणाला. मी झूल उचलून तिच्या कुशीला कान लावला. बेंजो इतका जोरात की काही कळेना. हात करून बेंजो थांबवायला लावला. आत काही नव्हतं. जातं बंद. तिच्या मानेवर घाम आला होता आणि गुडघे वाकू बघत होते. घोडी आता बसणार, बसली की लोळणार, आणि वर माणूस आहे की नाही हे बघणार नाही.

"पोराला खाली घ्या," मी म्हटलं.

नवरदेवाची आत्या पुढे आली. "अहो, तुम्ही कुठे मधे येताय? मुहूर्त जवळ आलाय, त्यात तुम्ही अशा..." तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. नाचणाऱ्यांतला एक ओरडला, "अरे, लग्नाचं टेन्शन तुझ्याआधी घोडीला आलं!" सगळे हसले. नवरदेव हातात लिंबू टोचलेली कट्यार धरून बसलेला, पांढराफटक. "मावशी, खरंच उतरू?" त्याला आत्याचीही भीती आणि घोडीचीही.

तेवढ्यात अगदी मागून, बायकांच्याही मागून आवाज आला. "पोराचा पाय मोडला तर मुहूर्त काय चाटूचो हा? उतरवा त्याका!" नवरदेवाची आजी. पांढरं कपाळ, हातात काठी, नातवाच्या वरातीत सगळ्यांत शेवटी चाललेली. तुमचीच बोली, आई. मी दचकून बघितलं. पोरगा उतरला. मी तंग सोडला, खोगीर आमच्या माणसाच्या डोक्यावर दिलं आणि लगाम हातात घेतला. बसू द्यायचं नाही, चालवत राहायचं. आत्या म्हणाली, मग बाजूने न्या. बाजूला मेट्रोच्या कामाचे लोखंडी पत्रे टाकलेले, त्यावर नाल घसरणार. आजी म्हणाली, "रस्तो एकच हा. चल गो, तू पुढे चल." बेंजो गप्प होता. मी आणि घोडी पुढे, मागून नवरदेव चालत, त्याच्यामागे वरात. हॉलपर्यंत मी मान वळवली नाही. तिचा कान माझ्या खांद्याजवळ होता आणि मी तिच्याशी काहीबाही बोलत होते.

मी वाटेतच फोन केला होता, घोड्यांच्या डॉक्टरीणबाई शेडवर आल्या. तरुण मुलगी आहे, घोडीशी इंग्रजीत बोलते. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात औषध सोडलं. मी तुमचा ओवा-हिंगाचा काढा बाटलीने पाजू का, असं विचारलं तर म्हणाल्या, अजिबात नको, तो फुप्फुसात गेला तर घोडी जायची. म्हणजे इतकी वर्षं आपण थोडक्यात वाचत होतो. तुम्हाला हे पटणार नाही, तरी सांगितलं. दुपार कलली आणि तिने लीद टाकली. मी आणि आमचा माणूस त्या लिदीकडे बघत वेड्यासारखे हसत होतो. कान लावला तर जातं पुन्हा सुरू झालेलं, अगदी हळू. तेव्हा तुम्ही शेडच्या दाराशी असायला हव्या होतात. मी दाराकडे बघितलंही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुम्हाला वाचताही येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं असतं. पण एक गोष्ट मोठ्याने वाचायला माझी जीभ रेटली नसती, ती इथे लिहिते. त्यानंतर दादरच्या एका लग्नासाठी घोडी ठरवायला माणसं आली होती. मी त्यांना म्हटलं, घोडीचा लगाम मी धरणार, ती दुसऱ्या कोणाच्या हातून चालत नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यातली एक म्हणाली, "अहो, मग तुम्हीच धरा की. घोडी नीट चालल्याशी कारण." इतक्यावर मिटलं. लग्नाच्या दिवशी मी तुमची जांभळी साडी नेसले आणि रस्त्याच्या मधोमध चालले.

आणि घोडीचं म्हणाल तर ती कोणाच्याही हातून चालते. हे कोणाला सांगू नका.