तीन फूट गवताची वारसदार

मी, उल्का जगन्नाथ पेंडसे, वय चौऱ्याहत्तर, राहणार सनीव्हेल, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहिते. दबावाला मी कधीच जुमानले नाही, ते पुढे कळेलच. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा अक्षत यास.

२. दिवाणखान्यातले चित्र, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन जलरंगचित्राची छापील प्रत, नात आन्या हिला. यजमानांनी ती व्हिएन्नाहून आणली होती. चित्रात देव नाही, राजा नाही. नुसते रानगवत आणि डँडेलायनच्या मिटलेल्या कळ्या. "इतक्या लांबून गवत आणलंत?" म्हणून मी त्यांना हसले होते. ते गेल्यावर वर्षभर मी त्या चित्रासमोरच बसत होते. त्यातले प्रत्येक पाते वेगळे आहे, हे तेव्हा दिसले. मग अंगणातला तीन बाय तीन फुटांचा तुकडा कापायचा बंद केला आणि रोज त्याचे चित्र काढू लागले. त्या अकरा वह्या, रंग, ब्रश, सगळे आन्याचे.

३. समोरच्या घरातला नरेंद्र तेव्हा आमच्या एचओएचा, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघाचा, अध्यक्ष होता. गवत चार इंचांहून उंच, म्हणून त्याने मला तीन नोटिसा पाठवल्या. तिसरीच्या पाठीवर मी गवत रंगवून परत पाठवले. त्याच भाद्रपदात त्याची आई शोभनाताई पुण्याहून आली. नरेंद्र गणपतीला स्वतःच्या लॉनमधल्या एकवीस काड्या वाहत असे. त्या पाहून ती म्हणाली, "अरे, ह्या दूर्वा नव्हेत. हे गाईला घाल."

दूर्वा कुठे होत्या, तर माझ्या तुकड्यात. मी त्या पात्यापात्याने रंगवल्या होत्या, मला चुकणार कशा? नरेंद्र तबक घेऊन आला.

"मावशी, एकवीस मिळतील का?"

"घे. चार इंचांच्या वरच्याच घे."

पुढच्याच मीटिंगमध्ये नियम बदलला. आता आख्ख्या वस्तीचे गणपती माझ्या गवतावर बसतात. मला याचा अतोनात आनंद आहे आणि तो मी लपवत नाही.

४. अक्षत म्हणतो, "आई, आर्टिफिशियल टर्फ टाकू या, नो मेंटेनन्स." गवताच्या नावे काही ठेवता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. म्हणून अक्षत, ही आईची विनंती आहे: घर तुझे, पण त्या तुकड्यावर शब्द आन्याचा. गेल्या गणपतीत नऊ वर्षांच्या त्या पोरीने न विचारता एकवीस बरोबर खुडल्या. "आजी, धिस वन इज नॉट दूर्वा," म्हणून माझ्या हातातली एक काढून टाकली, आणि तिचेच बरोबर होते. त्या दिवसापासून मला मरणाची काळजी नाही.

५. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले. म्हणून साक्षीदार नरेंद्रच. मात्र कलम तीन वाचून आपले मत त्याने स्वतःच्या हाताने लिहावे.

उल्का जगन्नाथ पेंडसे
सनीव्हेल, ९ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार:
१. सुचित्रा गोखले
२. नरेंद्र साठ्ये. कलम तीन वाचले. सर्व खरे आहे. सतरा वर्षे मी देवाला लॉन वाहत होतो.