डुप्लिकेट चालणार नाही

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे नव्या घरी! लोक घर घेताना स्वयंपाकघर बघतात, मी गॅरेज बघितलं. भरपूर उजेड, सपाट फरशी, हत्यारं टांगायला खुंट्या आणि स्वयंपाकघरातून थेट आत उघडणारं दार. सामानाच्या ट्रकमागून माझी लाल टू-सीटर ओढत आणली. म्हणायची स्पोर्ट्स कार, पण तूर्त नुसता सांगाडा आणि इंजिन. हिने, म्हणजे बायकोने, तिचं नाव ‘सवत’ ठेवलंय. हिला गाड्यांची भीती. साधी सायकलसुद्धा कधी शिकली नाही. चहा गॅरेजमध्येच मागितला, तर म्हणाली, सवतीलाही अर्धा कप आणू का? आज मी फार खूश आहे.

१९ ऑक्टोबर
जुने सुटे भाग शोधून देणारे एक भंगारवाले काका भेटले. त्यांना बजावलं, डुप्लिकेट चालणार नाही. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा भाग आणला तरी चालणार नाही. या गाडीच्या कारखान्यात भागाभागावर गाडीचा नंबर ठोकत असत. मला माझ्याच गाडीचा नंबर हवा. काका म्हणाले, साहेब, त्यापेक्षा मुलाला मुलगी शोधणं सोपं. आणि आज दोन्ही दारं आली, दोन वेगळ्या गावांहून. नंबर तोच! अशी बसली, जशी कालच काढली होती. हिनेही दार दोनदा लावून पाहिलं.

८ नोव्हेंबर
डॅशबोर्ड आला, आरसा आला, सीट आल्या. सगळं आपल्या पायांनी चालत आल्यासारखं येतंय. ऑफिसात जीव रमत नाही, घरी आल्यावर हात धुवायची फुरसत नाही. एक स्टिअरिंग तेवढं राहिलंय. आज ही ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली दिसली. भाजी करपली तरी उठेना. मी चिडवलं, सवतीशी जमलेलं दिसतंय. ती हसली नाही. नंतर स्वयंपाक करताना तिचा डावा हात गिअर टाकल्यासारखा हलत होता. माझ्या मनात उगाच पाल चुकचुकली.

२१ नोव्हेंबर
स्टिअरिंग! लाकडी कडं, अंगठे टेकून टेकून दोन जागी झिजलेलं. मी नट आवळला आणि ही येऊन बसली. तिचे अंगठे त्या खळग्यांत नेमके बसले. मग तिने मला विचारलं, मिस्त्री, ऑइल बदललंत का?
आजवर ‘अहो’शिवाय तिने मला काही म्हटलेलं नाही. मला वाटलं, थट्टा.

२३ नोव्हेंबर
थट्टा नाही. कपाटातल्या साड्या बघून म्हणाली, या घरातल्या बाईंचे कपडे मी घालणार नाही. आमच्या लग्नाचा फोटो दाखवला. तिने सभ्यपणे विचारलं, या कोण?
काकांना फोन केला. आधी आढेवेढे घेतले, मग बोलले. गाडीची पहिली मालकीण गाडीतच गेली. पुढच्या मालकाची सून अशीच एक दिवस गाडी घेऊन निघाली, ती परत आलीच नाही. म्हणून त्याने गाडी मोडली आणि एकेक भाग एकेका दिशेला विकला. सगळे पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून. आणि मी मात्र —

२४ नोव्हेंबर
सकाळी ती गॅरेजचं शटर उघडत होती. किल्ली तिच्या हातात. मी किल्ली हिसकावली, स्टिअरिंग उपसून काढलं. धावत बाजारात गेलो, मिळालं ते काळं प्लास्टिकचं आणलं, बसवलं. डुप्लिकेट.
आतून हाक आली — अहो, कुठे आहात?
मी फरशीवर बसून रडलो. माझी बायको मला परत मिळाली.

२७ नोव्हेंबर
ही बरी आहे. मधलं काही आठवत नाही. गॅरेजकडे फिरकत नाही.
जुनं स्टिअरिंग जाळायला घेतलं होतं. काडी ओढली. हात पुढे जाईना. इतकं सुंदर लाकूड. माळ्यावर ठेवलंय, चादरीत.

३० नोव्हेंबर
डोळ्यांत खुपतं ते प्लास्टिक. सोन्याच्या साखळीला पत्र्याची कडी. बाकी सगळं ओरिजिनल, आणि मधोमध ते. जेवताना तेच. ऑफिसात तेच. ही विचारते, काय झालं, घास का उतरत नाही? काय सांगू —

१ डिसेंबर
गॅरेजमध्ये आहे. वही बॉनेटवर. प्लास्टिक काढलं. बसवत नाहीये, नुसतं लावून बघतोय.

किती शोभतंय.

नट हातानेच. पाना नाही लावणार. ही आत पानं वाढतेय, हाका मारतेय. चांगली आहे. एकदा बघतो आणि लगेच काढतो, शपथ —

एक आटा राहिला. परत हाक. अहो, जेवायला या — अहो, गार होतंय — आलो, म्हटलं, आलोच — अहो — अ